नोड बाहेर जाऊ द्यायचा नाही : शेजपाळी प्रकल्पाच्या नोंदी

18 नोव्हेंबर

दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलसाठी यंदाचा प्रकल्प ठरला : कालव्याच्या पाणी पाळीची यादी, लिंक्ड लिस्ट वापरून. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडांची साखळी : प्रत्येक नोडात एक घटक आणि पुढच्या नोडकडे नेणारा दुवा.

पुस्तकातल्या लिंक्ड लिस्टमध्ये 10, 20, 30 असे आकडे असतात. ते आकडे कुणाचेच नसतात, म्हणून त्यातला एखादा हरवला तरी मुलांच्या पोटात काही तुटत नाही. आमच्या परभणीच्या वर्गात पाथरी-मानवत भागातली बरीच मुलं आहेत. पैठणहून निघणारा जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा त्यांच्या रानाजवळून जातो. पाळी चुकली म्हणजे काय होतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

मांडणी अशी. शेतकरी नमुना 7 वर पाण्याची मागणी करतो. मंजूर झालेल्या क्षेत्राला चारीवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर) शेजारानं शेजार, टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटच्या टोकाकडून मुखाकडे पाणी मिळतं. हीच शेजपाळी. एकाची पाळी संपली की पुढच्याची सुरू. उशिरा मंजूर झालेला अर्ज यादीच्या शेवटी जात नाही, रान जिथं असेल तिथं, शेजाऱ्याजवळ बसतो. एखाद्यानं पाळी सोडली तर तो मधूनच निघतो. मध्येच घालणं आणि मधूनच काढणं हे या यादीचं रोजचं काम आहे, म्हणून हा विषय घेतला.

भाषा जावा. मुख्य क्लासचं नाव पाळीयादी. आत कोडमध्ये हेड आणि टेल ही नावं वापरायची नाहीत असं पहिल्याच तासाला ठरलं. चारीच्या टेलला पाळी सुरू होते आणि पुस्तकातल्या टेलला यादी संपते; दोन्ही एका फाइलमध्ये आले तर वाचणारा गोंधळणार. आमची नावं पहिला, शेवटचा आणि संख्या.

19 नोव्हेंबर

क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावं देवनागरीत ठेवली आहेत. जावाला ते चालतं. फक्त लॅबमधल्या विंडोज मशीनवर जेडीके (जावाचा साधनसंच) 17 आहे, आणि 18 च्या आधीच्या आवृत्त्या फाइलचं एन्कोडिंग मशीनच्या सेटिंगवरून ठरवतात. त्यामुळे कंपाइल करताना यूटीएफ-8 स्पष्ट सांगावं लागतं. नाही सांगितलं की एररचा ढीग. फळ्यावर कायमचं लिहून ठेवलं.

22 नोव्हेंबर

आधीच्या बॅचचा कोड आज वर्गात उघडला. चालतो. म्हणूनच तो दाखवायला चांगला आहे.

त्यात पाळीयादी क्लासचे पहिला, शेवटचा आणि संख्या हे तिन्ही फील्ड (क्लासमधल्या साठवणीच्या जागा) पब्लिक आहेत, म्हणजे बाहेरच्या कोणत्याही कोडला बदलता येतात, आणि नोड हा वेगळ्या फाइलमधला पब्लिक क्लास आहे. छपाईचा स्क्रीन स्वतःच पहिल्यापासून साखळी चालतो. पाणीपट्टीचा स्क्रीनही स्वतःच चालतो. पाळी रद्द करण्याचा स्क्रीन तर नोडचे दुवे स्वतः तोडतो आणि जोडतो :

आधीचा.पुढचा = नको.पुढचा;
यादी.संख्या = यादी.संख्या - 1;

मधली पाळी काढली तर या दोन ओळी बरोबर आहेत. शेवटची काढली तर? आधीचा नोड आता खरा शेवटचा झाला, पण शेवटचा हे फील्ड अजून काढलेल्या नोडकडेच बोट दाखवतंय. कार्यक्रम थांबत नाही, एरर येत नाही, छापलेली यादीही बरोबर येते.

मग कुणीतरी नवीन अर्ज शेवटी जोडतो :

शेवटचा.पुढचा = नवा;
शेवटचा = नवा;

नवा नोड यादीतून गेलेल्या नोडला जाऊन चिकटला. पहिल्यापासून चालत निघालं तर तिथं पोचायची वाटच नाही. मुलांनी कागदावर काढून पाहिलं : आठ पाळ्या होत्या, एक काढली, एक जोडली. संख्या सांगते आठ, छपाईत दिसतात सात.

मानवतकडची एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे तो माणूस रात्री दारावर येऊन बसणार आन यादीत त्याचं नावच नसणार. कामून नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

अगदी बरोबर. मला पुढचा मुद्दा तिथूनच सुरू करता आला. ही ओळ दुरुस्त करणं सोपं आहे, शेवटच्या नोडसाठी एक अट घातली की झालं. पण ती अट कुठं घालायची? रद्द करण्याच्या स्क्रीनमध्ये? मग उद्या कुणी थकबाकीचा स्क्रीन लिहील आणि त्यातूनही पाळ्या काढील, त्यालाही ती अट आठवायला हवी. पहिला, शेवटचा आणि संख्या एकमेकांशी जुळलेले राहावेत ही जबाबदारी आज प्रत्येक स्क्रीनवर वाटली गेली आहे. म्हणजे ती कुणावरच नाही.

एन्कॅप्सुलेशन मला शिकवायचंय ते या ठिकाणाहून. व्याख्येतलं “डेटा आणि मेथड एकत्र बांधणे” मुलांना पाठ आहे, आणि त्या व्याख्येनं हा बग एक इंचही हलत नाही. तीन फील्डमध्ये एक करार आहे. तो मोडण्याची ताकद कोणत्या ओळींकडे आहे, हे मोजता आलं पाहिजे. आधीच्या कोडमध्ये त्या ओळी सगळ्या प्रोजेक्टभर पसरल्या आहेत.

25 नोव्हेंबर

नोड आता पाळीयादीच्या पोटात गेला : प्रायव्हेट स्टॅटिक नेस्टेड क्लास. तिन्ही फील्ड प्रायव्हेट, म्हणजे क्लासच्या बाहेरून हात न लावता येणारे.

दोन गटांनी नोड पब्लिकच ठेवून फक्त फील्ड प्रायव्हेट केले आणि लगेच एडिटरकडून गेटर-सेटर (फील्ड वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड) बनवून घेतले. पहिला मिळवा, पहिला ठेवा, शेवटचा मिळवा, शेवटचा ठेवा. फील्ड प्रायव्हेट, तरी नोड हातात येतोच, आणि तो मिळाला की त्याचा पुढचा बदलता येतो. नाव प्रायव्हेट असून दार सताड उघडं. त्यांना एवढंच विचारलं, “शुक्रवारचा बग हे गेटर-सेटर वापरून परत लिहून दाखवा.” लिहिता आला. त्यांनीच ते काढून टाकले.

नियम ठरला : पाळीयादीच्या कोणत्याही पब्लिक मेथडला नोड देता येणार नाही आणि तिच्याकडून नोड मिळणारही नाही.

स्टॅटिक कशाला, हा प्रश्न आला. जावात स्टॅटिक न लिहिलेला आतला क्लास आपल्या बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक छुपा संदर्भ सोबत बाळगतो. आमच्या नोडला आपण कोणत्या यादीत आहोत हे माहीत असायची गरज नाही, मग प्रत्येक नोडनं ते ओझं का वाहायचं? जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या लिंक्डलिस्टमध्येही नोड प्रायव्हेट स्टॅटिकच आहे. मुलांना तो सोर्स उघडून दाखवला.

30 नोव्हेंबर

काही मुलांना घेऊन मानवत तालुक्यातल्या एका चारीवर गेलो. रानात ज्वारी-हरभरा, चारी कोरडी. पाटकरी मामांनी आपलं रजिस्टर दाखवलं आणि क्लासच्या रचनेचा अर्धा तास तिथंच झाला.

मी विचारलं, “मामा, शेतकऱ्याला त्याचा यादीतला नंबर सांगता का?”

“नाही सर. नंबर कुणाला द्यायचाच नसतो. मधे एखादा अर्ज मंजूर होऊन आला की खालचे समदे नंबर सरकतेत. मग ज्याला सहावा सांगितला तो सहावाच धरून बसतो. त्याला म्हणायचं, फलान्याचं झालं की तुझं.”

मुलं एकमेकांकडं बघायला लागली, कारण त्यांच्या सगळ्या मेथडना इंडेक्स लागत होता : पाचव्या जागी घाला, तिसरी काढा. नोड लपवला, पण जागेचा आकडा बाहेर दिला, आणि तो आकडाही आतल्या मांडणीचाच तुकडा आहे. कुणी तो व्हेरिएबलमध्ये धरून बसला आणि मध्ये एक पाळी घुसली, की तोच आकडा दुसऱ्याची पाळी काढतो. शिवाय साखळीत इंडेक्सवर पोचायला पहिल्यापासून मोजत जावं लागतं. वापरणाऱ्याला मात्र वाटतं की ॲरेसारखी (लागोपाठच्या जागांसारखी) उडी मारता येते. मेथडच्या सहीनं, म्हणजे तिचं नाव, ती काय घेते आणि काय देते यांनी, असा खोटा भरवसा देऊ नये.

तर मग ओळख कशानं पटवायची? मी गट क्रमांक धरून चाललो होतो. तिथल्याच एका मुलानं सांगितलं, “आमच्या एका गटात तिघा भावांचे तीन अर्ज असतेत.” म्हणजे गट क्रमांक एकमेव नाही. अर्ज क्रमांक धरायचा.

परत येताना जीपमध्येच मेथडची यादी झाली. शेवटी जोडा. अमक्या अर्जानंतर घाला. अर्ज वगळा. पुढची पाळी काढा. अदलाबदल करा. किती आहेत. एवढंच. सगळे शब्द मामांच्या तोंडचे आहेत, नोड आणि दुवा यातला एकही नाही. क्लासच्या पब्लिक मेथड कुठून आणायच्या, तर काम करणाऱ्याच्या बोलण्यातून. आत काय साठवलंय त्यावरून त्या ठरवायला बसलं की गेटर-सेटरच होतात.

3 डिसेंबर

“अमक्या अर्जानंतर घाला” ही मेथड लिहिली. दुवे जोडायचा क्रम महत्त्वाचा :

नवा.पुढचा = आधीचा.पुढचा;
आधीचा.पुढचा = नवा;

उलट क्रमानं लिहिलं तर नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो आणि पुढच्या सगळ्या पाळ्या जातात. हे प्रत्येकानं कागदावर काढायचं, यातून सूट नाही.

अडचण सगळ्यात आधीच्या पाळीची. तिच्याआधी नोडच नाही, म्हणून प्रत्येक मेथडमध्ये “यादी रिकामी असेल तर”, “पहिलाच असेल तर” अशा फांद्या फुटत होत्या. उपाय जुना आहे : सुरुवातीला एक डमी नोड कायमचा ठेवायचा, ज्यात पाळी नाही. मग प्रत्येक खऱ्या नोडच्या आधी कुणी ना कुणी असतंच. रिकाम्या यादीत शेवटचा डमीकडे बघतो. फांद्या गेल्या, अर्ज वगळण्याची मेथड निम्मी झाली.

हा बदल एका तासात झाला, आणि त्याचं कारण 25 तारखेचा नियम. आधीच्या बॅचच्या कोडमध्ये हेच केलं असतं तर छपाईच्या स्क्रीनला पहिला म्हणून डमी मिळाला असता आणि कागदावर वरच एक बिननावाची पाळी उमटली असती. पाणीपट्टीचा स्क्रीन तर रिकाम्या पाळीचं क्षेत्र विचारायला जाऊन कोसळला असता. आमच्याकडे डमी आहे हे पाळीयादीच्या बाहेर कुणालाच कळलं नाही.

5 डिसेंबर

करार आता कोडमध्ये लिहिला. तपासा नावाची प्रायव्हेट मेथड : डमीपासून निघून बरोबर संख्या इतकी पावलं टाकली की शेवटच्यावर पोचायला हवं, आणि शेवटच्याचा पुढचा नल (काहीच नाही) असायला हवा. यादीत बदल करणाऱ्या प्रत्येक मेथडच्या अखेरीस तिला असर्शनमधून (अट खोटी ठरली की कार्यक्रम थांबवणाऱ्या तपासणीतून) हाक मारायची. जावात असर्शन आपोआप चालू नसतात, चालवताना पर्याय द्यावा लागतो. शिकताना तो नेहमी चालू.

मला या एवढ्याशा मेथडचं फार मोल वाटतं. मुलांना “क्लास बरोबर आहे” म्हणजे नेमकं काय, ते एका जागी वाचता येतं. शिवाय करार मोडला तर तो मोडणाऱ्या ओळीपाशीच कळतो, तीन स्क्रीन पुढं नाही.

6 डिसेंबर

पाळीला जावाचा “रेकॉर्ड” हा प्रकार दिला. जावा 16 पासून रेकॉर्ड आहेत : फील्ड एकदा भरले की बदलत नाहीत. बाहेर पाळी द्यावीच लागते, छापायला तरी. ती बदलता येणारी असती तर कुणी बाहेरून अर्ज क्रमांक बदलला असता आणि यादीत एकाच क्रमांकाच्या दोन पाळ्या झाल्या असत्या, तेही पाळीयादीच्या एकाही मेथडला हात न लावता. नोड लपवून आतली वस्तू उघडी ठेवली तर काम अर्धंच होतं.

रिकाम्या यादीतून पुढची पाळी मागितली तर काय द्यायचं यावर वर्गात वाद. नल द्यायचा म्हणणारे बरेच. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल संदर्भ आणला आणि 2009 मध्ये जाहीरपणे त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे सांगितलं. आम्ही ऑप्शनल देतो. पाळी असेल किंवा नसेल, हे मेथडच्या सहीतच दिसतं आणि वापरणाऱ्याला त्याचा विचार करावा लागतो.

10 डिसेंबर

छपाई. नोड दिसत नाही, इंडेक्स नाही, मग यादी वाचायची कशी?

आयटरेटर. यादीतून फिरणारा हा आयटरेटर नोड स्वतःजवळ ठेवतो, बाहेर फक्त पाळी देतो. पाळीयादीनं इटरेबल हा इंटरफेस (ठरलेल्या मेथडचा करार) पाळला की जावाचा नेहमीचा फॉर-ईच लूप तिच्यावर चालतो. छपाई आणि पाणीपट्टी हे दोन्ही स्क्रीन आता दोन-तीन ओळींचे झाले. आत काय आहे ते न दाखवता एकेक घटक बाहेर द्यायचा, ही कल्पना 1970 च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटानं क्लू या भाषेत आणली. तेव्हापासून ती बहुतेक प्रत्येक भाषेत आहे.

खरी अडचण : छपाई चालू असताना मध्येच कुणी पाळी वगळली तर? फिरणारा ज्या नोडवर उभा आहे तोच यादीतून गेलेला असू शकतो. जावाची लायब्ररी यासाठी बदलांचा एक आकडा ठेवते. यादी बदलली की आकडा वाढतो. आयटरेटर निघताना तो आकडा लक्षात ठेवतो आणि प्रत्येक पावलाला जुळवतो. जुळला नाही की एक्सेप्शन. आम्ही तेच केलं. अर्धवट चुकीची यादी छापून हातात देण्यापेक्षा मोठ्यानं थांबलेलं बरं.

12 डिसेंबर

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलानं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, सोर्स वाचून प्रश्न आणला. “सर, कर्नेलमध्ये तर सगळं उघडंय. डेटाच्याच स्ट्रक्चरमध्ये पुढचा-मागचा ठेवलाय. मग ते लोक चुकीचं करायलेत का?”

चुकीचं नाही. त्याचा प्रश्न आवडला, म्हणून तास त्यालाच दिला. कर्नेलची यादी दुहेरी आणि गोल असते, आणि दुव्यांची जोडी डेटाच्या स्ट्रक्चरमध्येच बसवलेली असते. त्याचे फायदे मोठे आहेत. नोडसाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही. एकच वस्तू एकाच वेळी अनेक याद्यांत राहू शकते. वस्तू हातात असली की शोध न घेता ती यादीतून काढता येते. किंमत ही की सी भाषा दुवे लपवत नाही, सगळं शिस्तीवर चालतं. म्हणून तिथंही दुव्यांना थेट हात लावत नाहीत. जोडायला, काढायला, फिरायला ठरलेली फंक्शन आणि मॅक्रो आहेत. काढलेल्या नोडच्या दुव्यांत मुद्दाम विषारी पत्ते भरतात, म्हणजे कुणी तो चुकून वापरला तर लगेच कोसळावं. करार तिथंही आहे. तो राखायचं काम कंपायलरऐवजी माणसांवर, पॅच तपासणाऱ्यांवर आहे. आमच्याकडे कंपायलर फुकट राखणदारी करतो, ती का नाकारायची?

16 डिसेंबर

अदलाबदल. एकाच्या घरी लग्न, तो दुसऱ्याशी पाळी बदलतो. नेहमीचं आहे.

एका गटानं नोड जागेवर ठेवून फक्त आतल्या पाळ्या बदलल्या. दुसऱ्यानं नोडच उचलून दुवे नव्यानं जोडले. दुसऱ्या पद्धतीत दोन पाळ्या शेजारी असल्या की घोळ : जुने दुवे आधी बाजूला ठेवून मग जोडले तर एक नोड स्वतःकडेच वळतो. तपासा मेथडनं ते पहिल्याच चाचणीत पकडलं. शेवटचा नोड बदलला तर शेवटचा फील्डही सांभाळावा लागतो. पहिल्या पद्धतीत यातलं काहीच नाही.

आम्हाला सोपी पद्धत निवडता येते, कारण नोड बाहेर कुणाच्याच हातात नाही. सी++ मधल्या लिस्टला ही मोकळीक नाही. ती बाहेर दिलेल्या आयटरेटरला वचन देते की तू ज्या घटकावर आहेस त्यावरच राहशील, म्हणून क्रमवारी लावतानाही ती डेटा न हलवता दुवे बदलते. तिथं त्या वचनाचा उपयोग आहे. आम्ही बाहेर दिलं नाही, म्हणून त्यात बांधलेही गेलो नाही.

18 डिसेंबर

दोन चाऱ्यांच्या याद्या एकत्र करायची मेथड, आणि प्रायव्हेट कुठं अपुरं पडतं ते दाखवणारी सगळ्यात चांगली जागा.

जावात प्रायव्हेट क्लासपुरतं असतं, ऑब्जेक्टपुरतं नाही. एक पाळीयादी दुसऱ्या पाळीयादीच्या नोडना हात लावू शकते. मुलांनी सरळ लिहिलं :

शेवटचा.पुढचा = दुसरी.डमी.पुढचा;

चाललं. मग दुसऱ्या यादीतून एक पाळी वगळली, तर ती पहिल्या यादीतूनही गेली, आणि पहिलीची संख्या मात्र तशीच. दोन याद्या आता तेच नोड वाटून घेत होत्या. कंपायलर यात काहीच बोलत नाही, कारण नियम कुणी मोडलाच नाही. नोड बाहेर गेला नव्हता, पण त्याला दोन मालक झाले होते.

उपाय : जोडताना दुसरी यादी रिकामी करायची. नोड इकडे आले म्हणजे तिकडून गेले. सी++ च्या लिस्टमधली अशीच मेथडही दुसरी यादी रिकामी करते. आणखी एक प्रकार एका मुलीनं शोधला : यादी स्वतःलाच जोडली तर? शेवटचा पहिल्याला जाऊन मिळतो, साखळीचं चक्र होतं आणि छपाई थांबतच नाही. ती अट सर्वांत वर घातली. मेथडचं नाव “जोडा” वरून “सामावून घ्या” केलं. दुसरी यादी संपणार आहे हे नाव वाचतानाच कळावं.

23 डिसेंबर

आज मुद्दाम एक प्रयोग. पाळीयादीच्या आतली साखळी पूर्ण काढली आणि तिथं ॲरेलिस्ट, म्हणजे ॲरेवर चालणारी जावाची तयार यादी ठेवली. पब्लिक मेथडची नावं, त्यांना काय द्यायचं आणि त्यांच्याकडून काय मिळणार, यातला काना-मात्राही बदलला नाही.

सगळ्या चाचण्या पास. गिटमध्ये बदललेली फाइल एकच. छपाई, पाणीपट्टी, थकबाकी, कशालाच पत्ता नाही.

वर्ग थोडा वेळ गप्प झाला आणि मग एकानं विचारलं, “मग सर, आपण एवढी लिंक्ड लिस्ट कशाला लिहिली?” त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. आमच्या यादीत अर्ज क्रमांकावरून पाळी शोधावी लागते, आणि तो शोध दोन्हीकडे पहिल्यापासूनच चालतो. शोधल्यानंतर साखळीत एक-दोन दुवे बदलतात, ॲरेत पुढचे संदर्भ एकेक जागा सरकतात. चारीवरच्या पाळ्या काही डझन. एवढे संदर्भ सरकवणं आजच्या प्रोसेसरला जाणवतही नाही. शिवाय हे संदर्भ ॲरेत लागोपाठ असतात, त्यामुळे कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीच्या) 64 बाइटच्या एका ओळीत बरेच एकदम येतात. साखळीचे नोड मेमरीत कुठंही विखुरलेले असू शकतात. या कामाला ॲरे सरस आहे, हे माझं स्पष्ट मत.

पण हे मत आज अमलात आणता आलं ते का, तेही त्याच तासाला बोललो. डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये मांडलं होतं की प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागानं आपल्यापाशी लपवावा. साखळी की ॲरे, हा आमचा तसा निर्णय. तो पाळीयादीनं लपवला होता म्हणून एका दुपारी फिरवता आला. आधीच्या बॅचच्या कोडमध्ये हाच बदल करायचा म्हटलं तर सगळे स्क्रीन नव्यानं लिहावे लागतील. एका गटानं प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला.

26 डिसेंबर

निर्णय. पाणी वापर संस्थेकडे जाईल ती ॲरेची आवृत्ती. लॅबमध्ये साखळीची आवृत्ती राहील आणि तीच परीक्षेला. दोन्हींवर त्याच चाचण्या चालतात, हा सर्वांत मोठा आनंद.

पुढच्या सत्रात साखळी दुहेरी करायची, म्हणजे “आधी कुणाची पाळी होती” हेही विचारता येईल. पाळी घालताना दोनऐवजी चार आणि वगळताना एकाऐवजी दोन दुवे सांभाळावे लागतील, तपासा मेथडला उलट्या दिशेनंही चालावं लागेल. पब्लिक मेथड फक्त एक वाढेल.

संस्थेच्या सचिवांनी छापील यादी पाहून दोन गोष्टी मागितल्या : अर्ज क्रमांकाशेजारी क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि पाणी किती तास ते. पहिलं पाळी रेकॉर्ड आणि छपाईत बसेल. दुसऱ्यासाठी चारीचा विसर्ग लागेल, तो यादीत ठेवायचा की बाहेर, यावर सोमवारी वर्गात चर्चा. माझा कौल बाहेर : विसर्ग चारीचा गुण आहे, पाळीचा नाही.